सातबाऱ्याच्या डाव्या बाजूला

नवरा गेल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत आमच्या घरी जितकी माणसं आली, तितकी आमच्या लग्नालाही आली नव्हती. पोलीस आले, पटवारी आला, कृषी सहायक आला, दोन-तीन पक्षांचे पुढारी आले, कॅमेरेवाले आले. जानेवारी २०१८ चे दिवस. त्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यातच काय, साऱ्या विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं, फोडून पाहिलं की आत अळी आणि कवडी. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर घातले होते. आलेला प्रत्येक जण माझ्या नवऱ्याबद्दलच विचारायचा. वावर किती, कर्ज किती, कोणाचं, थकीत होतं का, पीत होते का, घरात भांडण झालं होतं का. मी भिंतीला टेकून बसलेली असायची. उत्तरं भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, द्यायचे. तेरवी झाली आणि येणंजाणं थांबलं.

शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर सरकार कुटुंबाला एक लाख रुपये देतं, हे बहुतेकांना माहीत असतं. ही पद्धत २००६ पासूनची. ३० हजारांचा धनादेश, उरलेले ७० हजार ठेव म्हणून ठेवायचे आणि त्याचं व्याज महिन्याला घ्यायचं. पण त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. कुटुंबाच्या नावावर जमीन पाहिजे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवाना असलेल्या सावकाराचं पाहिजे, आणि ते थकलेलं पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कागद पाहून ठरवते. माणूस त्याच कारणानं गेला तरी कर्ज गावातल्या बिनपरवान्याच्या सावकाराचं असलं, की ते कागदावर दिसत नाही आणि प्रकरण अपात्र होतं. आमचं पीक कर्ज बँकेचं होतं, म्हणून आम्ही पात्र. ३० हजार आले आणि तेरवीचा खर्च, कृषी केंद्राची उधारी यात गेले. कोणी खाल्ले असं मी म्हणत नाही. हिशेब मला कोणी सांगितला नाही आणि विचारायचा असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. निंदणाला जायचे, यायचे, पोरांना खाऊ घालायचे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. रात्री डोळा लागायचा नाही आणि पहाटे उठवत नव्हतं. श्रावणात गल्लीतल्या बाया एकमेकींकडे हळदीकुंकवाला जाताना आमच्या दारावरून आवाज न करता जायच्या. त्यांना वाईट वाटायचं, हे मला कळत होतं. त्यांच्या त्या चालण्यानं मात्र मी घरात अजून आत जाऊन बसायचे.

त्याच पावसाळ्यात ताई आल्या. महिला किसान अधिकार मंच, ज्याला आम्ही सगळ्या ‘मकाम’ म्हणतो, त्याच्याशी जोडलेल्या आमच्या तालुक्यातल्या संघटनेच्या त्या कार्यकर्त्या. खांद्यावर कापडी पिशवी, हातात छापील फॉर्म. पुन्हा चौकशी आली म्हणून मी सासूबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, “नाही बाई, मले तुह्याशीच बोलायचं हाय.” ओट्यावर बसल्या आणि पहिला प्रश्न विचारला, “रातच्याला झोप लागते का?” दुसरा विचारला, “वावर आता कोनाच्या नावानं हाय?”

माझ्याबद्दलचे प्रश्न त्या सहा-सात महिन्यांत पहिल्यांदाच ऐकत होते. झोपेचं उत्तर मला देता आलं. वावराचं आलं नाही.

मकामनं त्या वर्षी विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांमध्ये आमच्यासारख्या ५०५ बायांची पाहणी केली. त्यातल्या ४० टक्के बायांच्या नावावर त्या स्वतः कसत असलेली जमीन अजून झालेली नव्हती. हा आकडा मी पुढं पुष्कळ ठिकाणी ऐकला आणि आता सभांमध्ये स्वतः सांगते. त्या दिवशी मात्र मी फक्त एवढंच सांगितलं होतं की कागद भासऱ्यांकडं आहेत. त्यांनी ते लिहून घेतलं, चहा घेतला आणि “पुढच्या आठवड्यात येतो” म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्या खरंच आल्या. येतो म्हणून सांगून परत येणारं माणूस म्हणजे काय, हे आमच्यासारखीला विचारावं.

येताना त्यांनी सेतू केंद्रातून आमचा सातबारा काढून आणला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही. सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला.

ताईंचं हे वागणं मला तेव्हा कळलं नाही, खरं तर खटकलंच. मला वाटलं, काम माझं, आणि ह्या म्हातारीशी काय बोलत बसल्या. पण विधवा सुनेचं घरातलं जे काही होणार असतं ते सासूच्या मान्यतेनं होतं किंवा तिच्या विरोधानं अडतं, हे ताईंना पंधरा-वीस वर्षांच्या फिरण्यातून ठाऊक होतं. त्यांनी सासूबाईंना विचारलं, “माय, बुढा गेला तवा वावर कोनाच्या नावानं झालं?” सासूबाई म्हणाल्या, “आमच्या सगळ्याइच्या. दोन पोरं, पोरगी अन् मी.” ताईंनी कागदावर बोट ठेवलं.

ज्यांना सातबारा वाचायची वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. डाव्या बाजूला भोगवटादाराचं नाव असतं, म्हणजे ज्याची जमीन त्याचं. उजवीकडं कुळाचं नाव आणि ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क अशा गोष्टी तिथं लिहिलेल्या असतात. माझे सासरे २००९ मध्ये वारले तेव्हा फेरफार, म्हणजे नावांच्या बदलाची नोंद झाली, त्यात दोन्ही मुलांची नावं डावीकडं लागली आणि सासूबाई व नणंदबाई यांची उजवीकडं, बँकेच्या बोज्याच्या वर, इतर अधिकारात. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. बायको, मुलगा, मुलगी आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांचा हिस्सा सारखा. पण खेड्यात बायकांची नावं उजवीकडं टाकायची चाल इतकी मुरलेली आहे, की लिहिणाऱ्यालाही ते चुकीचं वाटत नाही आणि सही करणाऱ्या बाईला वाचता येत नाही.

“म्हंजे वावर माह्यं नोहे?” सासूबाईंनी विचारलं.

“हाय माय, तुमचंच हाय. पन लिवलं चुकीच्या जागी हाय.”

सासूबाई बराच वेळ त्या कागदाकडं पाहत राहिल्या. चाळीस वर्षं त्यांनी त्या वावरात सरकी टोबली होती, निंदलं होतं, कापूस वेचला होता. त्या दिवसापासून आमच्या घरात हा प्रश्न सून विरुद्ध सासर असा राहिला नाही. तीन बायांची नावं डावीकडं आणायची होती, आणि त्यात एक सासू होती, एक नणंद.

काम सुरू झालं ते असं. आधी मृत्यूचा दाखला. मग वारस नोंदीचा अर्ज, सोबत सगळ्या वारसांची नावं, वयं, नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, रेशन कार्ड आणि आधारच्या प्रती. पटवारी गावात चौकशी करून वारस नोंदवहीत लिहितो, तिला गाव नमुना ६-क म्हणतात. मंडळ अधिकाऱ्यानं, आमच्याकडं लोक अजून ‘आरआय साहेब’ म्हणतात, त्यावर मंजुरी दिली की फेरफार लिहिला जातो आणि सगळ्या हितसंबंधितांना नोटीस निघते. पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होते. वाचायला चार ओळी. प्रत्यक्षात अर्ज दिल्याची पोच घेणं हेच अर्धं काम आहे. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं होतं, आणि बाई कोणाला काय दाखवणार?

ताईंनी माझा अर्ज स्वतः लिहिला नाही. “बारावी झाली ना तू? लिही.” माझं अक्षर थरथरत होतं. चुकलं की कागद फाडायला लावायच्या नाहीत, चुकलेलं खोडून वर लिहायला सांगायच्या आणि मग दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायला लावायच्या. कार्यालयात जाताना त्या सोबत असायच्या, पण टेबलासमोर मला उभं करायच्या आणि स्वतः दाराशी थांबायच्या. साहेबांनी त्यांच्याकडं पाहून काही विचारलं तर म्हणायच्या, “अर्जदार त्या आहेत, त्यांना विचारा.” शिवाय त्यांनी कधी एकटीला नेलं नाही. आजूबाजूच्या गावांतल्या आम्ही चार-पाच जणी ठरवून एकाच वारी जायचो. एकटी विधवा बाकावर बसलेली असली की तिला “साहेब मीटिंगला गेले, उद्या या” म्हणणं सोपं असतं. पाच जणी डबे घेऊन बसल्या की तो उद्या बहुतेक वेळा आजच निघतो.

भासऱ्यांचा विरोध होता. त्यांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. भाऊ गेल्यावर माझ्या पोरांच्या वह्या-पुस्तकांना त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. त्यांची भीती साधी होती, की नाव लागलं की ही वावर विकून माहेरी जाईल. त्यांनी सुचवलं की सगळ्यांच्या वतीनं त्यांचं एकट्याचं नाव ‘ए.कु.क.’ म्हणून लावावं, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. “घरातलं घरात राहू दे. पोरं मोठी झाली की त्याइच्या नावानं करून देऊ.” ऐकायला चांगलं वाटतं. पण अशी नोंद झाली की बाकीच्यांची नावं कागदावरून दिसेनाशी होतात, आणि पंधरा वर्षांनी ती परत आणायला कोर्टाची पायरी चढावी लागते. ताईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. पोरांची नावं कशी लागतील ते त्यांना दाखवलं. अज्ञान मुलांच्या नावापुढं ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि आईचं नाव. पुतण्याचं नाव आजच लागतंय आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्या अज्ञान मुलांचा हिस्सा आईलाही विकता येत नाही, हे कळल्यावर त्यांचा आवाज खाली आला. तरी नोटिशीवर सही करायला त्यांनी वेळ लावला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “तू सही करत नसशीन तं मी तुह्या घरी जेवत नाही.” ती सही झाली.

नणंदबाईंचा प्रश्न मात्र मला जड गेला. आमच्याकडं रीत अशी की बहिणीनं हक्कसोड करून द्यायचं, त्याबदल्यात दिवाळीला साडीचोळी आणि माहेरचं दार उघडं. माझ्याही मनात तेच होतं, की त्यांनी सोडलं तर आम्हाला थोडं जास्त येईल. ताईंनी एवढंच विचारलं, “तुले तुहा हक्क पाहिजे, मंग तिनं काहून सोडाव?” त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. नणंदबाईंनी आपला हक्क सोडला नाही. सहा एकराचे चार हिस्से, दीड दीड एकराचे. माझ्या नवऱ्याच्या दीड एकरात मी, दोन पोरं आणि सासूबाई. सासूबाई माझ्याजवळ राहतात, त्यांचा हिस्साही मी कसते. नणंदबाईंचा दीड एकर भासरे ठोक्यानं, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून, करतात आणि दर वर्षी पाडव्याला त्यांना ठोक्याचे पैसे देतात. वाटणीचा कागद आम्ही जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणं तहसीलदारांपुढं संमतीनं करून घेतला.

हे सगळं एका दमात झालं असं वाटेल. तसं झालं नाही. माझं आणि पोरांचं नाव लवकर लागलं. सासूबाई आणि नणंदबाईंची जुनी नोंद दुरुस्त करायचं प्रकरण एसडीओ, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलं, मध्ये लॉकडाऊन आला, कार्यालयं बंद झाली, आणि वाटणी त्यानंतरच होऊ शकली. सासूबाईंचं नाव डावीकडं आलेला सातबारा हातात पडला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मला मोठ्यानं वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी भासऱ्यांच्या बायकोला बोलावून तिलाही वाचून दाखवायला लावला.

कागदांच्या जोडीनं दुसरंही एक काम चाललं होतं, आणि ते मी कमी महत्त्वाचं मानत नाही. झोपेचं उत्तर ऐकून ताईंनी गावातल्या आशाताईला माझ्याकडं पाठवलं होतं. आरोग्य खात्याचा ‘प्रेरणा प्रकल्प’ विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत चालतो. आशा वर्कर घरी येऊन प्रश्नावली भरून घेते. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामात मन लागतं का, जगू नये असं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला मी गप्प राहिले. आशाताई आमच्याच गावची, तिनं पेन बाजूला ठेवलं आणि नुसती बसून राहिली. मग मी सांगितलं. तिनं मला जिल्हा रुग्णालयात समुपदेशक मॅडमकडं पाठवलं, पहिल्या वेळी स्वतः बसमध्ये सोबत आली. काही महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. गावात याला ‘डोक्याचं औषध’ म्हणतात आणि ते घेणाऱ्या बाईबद्दल बोललं जातं. बोलू देत. मॅडमनी मला जे सांगितलं त्यातलं एक मी अजून धरून आहे. मी रोज स्वतःला विचारायची, की त्या सकाळी मी त्यांना एकटं सोडून नदीवर गेले नसते तर? त्या म्हणाल्या, “हा प्रश्न तुम्ही विचारत राहाल, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण त्याचं उत्तर तुमच्याजवळ नाही. जे तुमच्याजवळ नाही ते तुम्ही देणं लागत नाही.” अर्ज लिहिताना माझा हात थरथरायचा थांबला, तो याच काळात.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आम्ही मुंबईला गेलो. २१ नोव्हेंबर २०१८, आझाद मैदान. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ऐंशीच्या आसपास बाया, सगळ्या आमच्यासारख्याच. धामणगावहून रात्रीच्या गाडीनं निघालो. मी पहिल्यांदा एवढ्या लांब जात होते. मैदानात बीडची एक बाई माझ्याशेजारी बसली होती. तिच्या वावरात पाणी नाही, आमच्याकडं बोंडअळी, पण तिची गोष्ट मी तिच्याआधी सांगू शकले असते इतकी ती माझी होती. मागण्या साध्या होत्या. जमीन नावावर, रेशन कार्ड वेगळं, पेन्शन, पोरांच्या शिक्षणाला मदत, दवाखाना. १८ जून २०१९ ला सरकारनं शासन निर्णय काढला, की आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या विधवांना या बाबतीत प्राधान्यानं मदत करावी. आम्ही त्याच्या प्रती काढल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या. खिडकीमागचा माणूस “असा काही नियम नाही” म्हणाला की आम्ही तो कागद काचेला टेकवतो. नियम झाला म्हणून गोष्टी आपोआप होतात असं कोणी समजू नये. पण हातात कागद असला की बोलताना मान वर राहते.

पेन्शनबद्दल मला जरा रागानं लिहावंसं वाटतं. संजय गांधी निराधार योजनेत मला तेव्हा महिन्याला ६०० रुपये मंजूर झाले. पुढं ते वाढले, २०२३ पासून दीड हजार. रक्कम वाढली, पण पात्र ठरायची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजारच होती. म्हणजे महिन्याला साडेसतराशे, दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाही. निंदणाची मजुरी त्याच्या कितीतरी वर आहे. जी बाई दोन पोरं घेऊन जिवंत आहे तिचं उत्पन्न याहून जास्त असणारच. मग दाखला मिळवण्यासाठी तिनं हात जोडायचे आणि देणाऱ्यानं उपकार करायचे. एका कामाच्या बाईला याचकासारखं उभं करणारी ही मर्यादा आहे. मकामच्या प्रत्येक निवेदनात आम्ही हे लिहितो आणि लिहीत राहू.

बाकीचं एकेक करून झालं. रेशन कार्ड वेगळं झालं. आमच्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळायचा, त्याचा मोठा आधार झाला. पोरांना बालसंगोपन योजना लागली, ती आता प्रत्येकी महिना २२५० रुपये आहे. सरकारच्या उमेद अभियानातल्या बचत गटात मी नाव घातलं आणि गटाच्या कर्जातून सावकाराचं देणं फेडलं. नाव सातबाऱ्यावर असल्यानं पीक कर्ज माझ्या नावानं झालं, पीक विमा माझ्या नावानं भरता आला, तूर हमीभावाच्या खरेदी केंद्रावर माझ्या नावानं नोंदवता आली. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजारही वारसानं जमीन आलेल्यांना मिळतात, हे ताईंनीच शोधून काढलं. नाव नसेल तर यातलं एकही दार उघडत नाही. बाई वावरात कितीही राबली तरी कागदासाठी ती कोणीच नसते.

शेतीही बदलली. लग्नापासून मी वावरात रोज जात होते, निंदण, वेचणी सगळं हातचं. पण कोणतं बियाणं, किती खत, किती उधारी, हे कधी माझ्याकडं आलं नव्हतं. पहिल्या वर्षी कृषी केंद्रात गेले तेव्हा दुकानदारानं मला न विचारता पिशव्या काढून ठेवल्या, “दादा हेच न्यायचे.” मी म्हटलं, भाव सांगा आधी. कापूस आता एकाच एकरात. बाकी सोयाबीन आणि तूर, आणि धुऱ्याला लागून अर्धा एकर घरच्या खाण्याचा. ज्वारी, मूग, उडीद, बरबटी, अंबाडी, भाजीपाला. संघटनेतल्या जुन्या बायांनी बी दिलं. या अर्ध्या एकरावर भासरे हसले होते. पण लॉकडाऊनमध्ये बाजार बंद होता तेव्हा त्यांच्याही घरी आमचीच भाजी गेली.

२०२० च्या शेवटापासून मी स्वतः फिरते आहे. कुठं अशी घटना झाली की आधी दोन आठवडे आम्ही जात नाही, नुसता निरोप ठेवतो. तेरवी होऊन गर्दी ओसरली की जातो. ओट्यावर बसतो. बाईशी बोलायचं आहे म्हणतो, घरातल्या पुरुषांशी नाही. झोपेचं विचारतो, पोरांचं विचारतो, मग वावराचं. मी माझी गोष्ट पहिल्या भेटीत सांगत नाही. तिला वाटू नये की मी काही मोठी होऊन आले आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तीच विचारते, “ताई, तुमचे मालक काय करतात?” तेव्हा सांगते. त्यानंतर बोलणं बदलतं.

सगळीकडं यश येत नाही. एका गावात सासरच्यांनी आम्हाला ओट्यावर चढू दिलं नाही आणि ती बाई आता माहेरी भावाकडं राबते. एकीचे सासरे हयात आहेत, जमीन त्यांनी स्वतः घेतलेली आणि त्यांच्याच नावावर आहे, नवऱ्याच्या नावावर काही नव्हतंच. तिथं कायद्यानं आज तिला काही मागता येत नाही, सासऱ्यांचं मन वळवणं एवढंच हाती आहे. काही ठिकाणी बाईलाच नको असतं. दोन पोरांच्या आईला रोज त्याच अंगणात राहायचं असतं, भांडण ती कुठवर ओढणार? तिला ‘हिंमत कर’ म्हणणं मला पटत नाही. तिच्याकडं जात राहणं, पेन्शनचं तरी करून घेणं, हे करता येतं.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनीही तसं करावं असं सांगितलं. आमच्या गावच्या ग्रामसभेत आम्ही तो ठराव मांडला. पुरुषांनी हात वर केले, काही म्हाताऱ्या बायांनी केले नाहीत. सासूबाई उठून म्हणाल्या, “माह्या सुनेच्या बांगड्या मीच फोडल्या होत्या. आता कोनाच्या फोडू नोका.” ठराव मंजूर झाला. पुढच्या संक्रांतीला गल्लीतल्या दोघी जणी मला बोलवायला आल्या, दोघी आल्या नाहीत.

सध्या शेजारच्या गावातलं एक प्रकरण हातात आहे. नवरा जाऊन वर्ष झालं, वारस नोंदीवर दिरानं हरकत घेतली आहे, आणि येत्या मंगळवारी मंडळ अधिकाऱ्यांपुढं सुनावणी आहे. बाईचे कागद पूर्ण आहेत, पोच आहे, पोरीच्या जन्माचा दाखला कालच मिळाला. अडचण एवढीच, की तिची सासू दिराच्या बाजूनं जबाब देणार असं ऐकू येतंय. त्या सासूचं नावही उजवीकडंच आहे, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. सोमवारी संध्याकाळी आम्ही तिच्याकडं जाणार आहोत, आणि बोलायचं काम माझ्या सासूबाई करणार असं ठरलं आहे.